कुत्रा आणि मांजर : आखाड्यावरचे दोन सालगडी

गुढीपाडव्यास सालगडी ठेवितांना त्याचें काम कोणतें, त्यास धान्य किती आणि रोख रक्कम किती, हें आपण चारचौघांसमक्ष ठरवितों. परंतु त्याच आखाड्यावर दोन चाकर असे राबत असतात कीं, त्यांचा करार कोणी करीत नाहीं आणि त्यांच्या वेतनाचा विचारही कोणाच्या मनांत येत नाहीं. ते म्हणजे कुत्रा आणि मांजर. या दोहोंत पाळण्यास चांगलें कोण, हा वाद शहरांत हौसेखातर चालतो. शेतकऱ्यानें मात्र त्याचा विचार कामाच्या दृष्टीनें करावा. तसा केल्यास एकाच्या जागीं दुसरें ठेवितां येत नाहीं, हें सहज ध्यानांत येईल.

या दोन प्राण्यांचा मनुष्याशीं संबंध निरनिराळ्या कारणांनीं जडला. मनुष्य शेती करूं लागण्यापूर्वींच, शिकारीवर जगत असतां, कुत्रा त्याच्या सोबतीस आला. जर्मनींतील बॉन शहराजवळ मनुष्यांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष मिळाले असून ते सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचे आहेत. मांजर यानंतर आलें. पश्चिम आशियांत धान्याचीं कोठारें झालीं, त्यांत उंदीर शिरले आणि उंदरांमागून मांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वीं मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें. हा शोध सन २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. कुत्रा माणसामागून आला व मांजर धान्यामागून आलें, हें लक्षांत ठेविलें म्हणजे दोहोंचे स्वभाव उलगडतात. आखाडा हलविला तर कुत्रा गाडीमागें चालूं लागतो. मांजर बहुधा जुन्या छपराकडेच परततें.

आतां कुत्र्याचें काम पाहूं. येलदरीच्या आसपास पूर्णाकांठच्या शिवारांत ज्वारी, तूर, सोयाबीन उभें असतां रोही आणि रानडुकरें यांचा उपद्रव कोणास ठाऊक नाहीं? एकटा कुत्रा रोह्यांचा कळप परतवील अशी अपेक्षा करूं नये, आणि डुकराच्या अंगावर तर त्यास कधींच सोडूं नये. सुळ्याच्या एका फटकाऱ्यानें त्याचें पोट फाटतें. त्याचें खरें काम जागल करणाऱ्यास जागें करणें हें होय. याकरितां गांवरान कुत्राच उत्तम. लातूर जिल्ह्यांतील जानवळचे कारवानी कुत्रे आणि कर्नाटकांतील मुधोळचे कुत्रे यांची ख्याति मोठी आहे. मुधोळ कुत्र्याचें चित्र सन २००५ मध्यें टपाल तिकिटावरही आलें. परंतु ते नजरेनें सावज टिपून धांवणारे शिकारी कुत्रे आहेत. गांवरान कुत्रा शिळ्यापाक्यावरही निभावून नेतो, ऊनपाऊस सोसतो आणि परक्याची चाहूल लागतांच भुंकतो. राखणीस याहून अधिक काय पाहिजे?

मांजराचें काम घराच्या आंत आणि मुकाट्यानें चालतें, म्हणून तें हिशेबांत येत नाहीं. उंदीर जेवढें खातो त्याहून अधिक नासवितो. पोतीं कुरतडतो आणि लेंड्या व मूत्र यांनीं धान्य घाण करितो. उंदरीण सुमारें तीन आठवड्यांत वितें व एका वेतास सहा-आठ पिलें देते. पिलें व लहान उंदीर मारण्यांत मांजरासारखें कोणी नाहीं. तथापि त्याच्या शक्तीस मर्यादा आहे. न्यूयॉर्क येथील एका कचरा-कारखान्यांत मोठे उंदीर व मांजरें यांवर कॅमेऱ्यांनीं पाळत ठेविली, तेव्हां मांजरांनीं फारच थोडे उंदीर मारल्याचें सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें. उंदीर केवळ लपून वावरूं लागले. घुशीच्या वाटेस तर मांजर सहसा जातच नाहीं. म्हणून आधीं बिळें बुजवावीं, पोतीं जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावीं, आणि मग मांजरावर भरंवसा ठेवावा. उपाशी मांजर अधिक उंदीर मारतें ही समजूत चुकीची आहे. तें अन्नासाठीं शेजारीं निघून जातें. खाऊन-पिऊन असलेलें मांजर घरीं टिकतें व शिकारही सोडीत नाहीं.

या चाकरांचा घात बहुधा आपल्याच हातून होतो. उंदरांसाठीं झिंक फॉस्फाइड मिसळलेलें आमिष मांडलें जातें. पोटांत जातांच त्यांतून विषारी वायु निघतो आणि त्यावर उतारा नाहीं. आमिष कुत्र्यानें खाल्लें तर तो मरतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधानें मेलेला उंदीर खाल्ला तर मांजरही दगावूं शकतें. म्हणून आमिष बिळांत खोल घालावें, त्या रात्रीं कुत्रा बांधून व मांजर कोंडून ठेवावें, आणि उजाडतांच मेलेले उंदीर काठीनें गोळा करून खोल पुरावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची. या रोगानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांस तो कुत्र्यापासून होतो. पण मांजराच्या चाव्यानेंही होतो, हें पुष्कळांस माहीत नसतें. लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. परंतु वेळीं लस घेतल्यास तो टळतो. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांच्या देखरेखीखालीं एका नऊ वर्षांच्या मुलास ही लस दिली गेली आणि तो वांचला. म्हणून चावा किंवा ओरखडा होतांच जखम साबण आणि वाहतें पाणी यांनीं १५ मिनिटें धुवावी. मिरचीपूड, चुना, हळद कांहींही भरूं नये; मंत्र-ताइतांत वेळ घालवूं नये. त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें व सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. जनावर पिसाळतें कीं काय हें पाहत बसून लस लांबवूं नये.

यासाठीं पिलू तीन महिन्यांचें होतांच त्यास पशुवैद्याकडून लस टोंचून घ्यावी, व पुढें दरवर्षीं पुन्हां टोंचावी. मांजरासही टोंचावी. बकरें कापल्यावर त्याचें कच्चें काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढें टाकूं नये. त्यांतील गांठींपासून कुत्र्याच्या पोटांत जंत होतात आणि त्या जंतांचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेल्यास यकृतांत पाण्याच्या गांठी होतात. गर्भार बाईनें मांजराची विष्ठा काढूं नये.

शेतकरी बंधूंनीं येत्या पाडव्यास सालगड्याचें साल ठरवितांना वहींत आणखी दोन ओळी घालाव्या : कुत्र्याची लस, मांजराची लस. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. ज्यांचें टोंचणें राहिलें असेल त्यांनीं तो दिवस तरी चुकवूं नये. गांवांतील एका घरानें लस टोंचली तर तें घर सुरक्षित होईल. सर्वांनीं टोंचली तर शाळेच्या वाटेनें जाणारीं लेंकरें निर्भय होतील.