न बोललेले गृहीतक

दर रविवारी विठ्ठलवाडीत काही मुले-मुली बँकेच्या आणि रेल्वेच्या परीक्षांच्या तयारीसाठी माझ्याकडे येतात. बहुतेक जण घरातले पहिलेच पदवीधर; मीही तसाच. गणित त्यांना जमते. अडतात ती ‘विधान आणि गृहीतके’ या प्रश्नाशी.

गृहीतक म्हणजे बोलणाऱ्याने न बोलता धरून चाललेली गोष्ट. ते ओळखायची रीत सोपी आहे. गृहीतक उलटे करून पाहावे. विधान कोसळले तर ते त्यात दडलेले आहे. टिकले तर नाही. ‘पाऊस आहे, छत्री ने.’ छत्रीने पाऊस अडत नाही असे धरले, तर हा सल्ला कोसळतो. पाऊस रात्रभर पडणार नाही असे धरले, तरी तो टिकतो.

एकदा मी फळ्यावर लिहिले : ‘नवे साहेब राखीव जागेवरून आलेत, आता कचेरीचे काम बिघडणार.’ गृहीतक : राखीव जागेवरून आलेला माणूस कामात कमी असतो. एका मुलीने ‘गृहीतक नाही’ असे उत्तर दिले. म्हणाली, ‘सर, हे खोटे आहे.’

तिचे म्हणणे खरे, उत्तर मात्र चूक. तो माणूस इतरांइतकाच कामाचा आहे असे धरले, की विधानाचा आधारच जातो. म्हणजे गृहीतक तिथे आहेच. प्रश्न ते खरे की खोटे हे विचारत नाही. दडले आहे का, एवढेच विचारतो. आणि जे दडलेले आहे ते उघड्यावर आणल्याशिवाय खोडता येत नाही.

महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. मग सवर्णांनी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते, हे त्या कृतीतले गृहीतक. पण प्रकरण कोर्टात गेल्यावर नुसते धरून चालणे पुरेना. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे उघड मांडून सिद्ध करावे लागले. ते सिद्ध झाले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.

त्या मुलीला मी म्हणालो, ‘पोरी, परीक्षेत “गृहीतक आहे” असेच लिही. बाहेर आल्यावर बोलणाऱ्याला विचार, हे तुम्ही धरून चालला आहात. याला पुरावा काय?’