झाडीपट्टीतला वायफाय कॅमेरा: डब्यावर लिहिलेलं आणि घरात घडणारं

पुण्या-नागपुरात नोकरी करणारी मुलं हल्ली सिंदेवाही, मूल, आरमोरी, अहेरीकडे राहणाऱ्या आईवडिलांच्या घरी कॅमेरा पाठवून देतात. बसवायला इलेक्ट्रिशियन लागत नाही, दोन स्क्रू आणि मोबाइलवर एक अ‍ॅप, झालं. बसवणं सोपं आहे हे खरंच. बाकीच्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

वायफाय कॅमेऱ्याला वायर नाही, ही त्यातली पहिली. चित्र हवेतून जातं. वीज बहुतेक कॅमेऱ्यांना अडॅप्टरमधूनच लागते. लाईन गेली की कॅमेरा आणि राऊटर दोघेही बंद. वादळात झाड तारेवर पडलं तर आपल्याकडे रात्रभर अंधार असतो, आणि कॅमेऱ्याची गरज तेव्हाच जास्त. राऊटरला जोडायचा छोटा यूपीएस कॅमेऱ्याइतकाच गरजेचा आहे, पण तो कोणी पाठवत नाही.

मग बॅटरी आणि सोलर पट्टीवाला घेतला, तर तो चोवीस तास चित्रण करेल अशी आशा असते. असे बहुतेक कॅमेरे बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेले असतात. समोर उष्णतेची हालचाल जाणवली की जागे होतात आणि थोडा वेळ चित्रण करतात. जागं व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात सांदवाडीतून गेलेल्या बिबटाची नुसती शेपटी हाती लागते. म्हणून कॅमेरा वाटेच्या तोंडावर रोखू नये. जनावर किंवा माणूस समोरून आडवा जाईल असा लावावा, सेन्सर त्याला लवकर पकडतो.

आता चंद्रपूरचं ऊन. हा सेन्सर उष्णता मोजत नाही, आजूबाजूच्या आणि अंगाच्या उष्णतेतला फरक ओळखतो. माणसाचं अंग ३७ अंशांच्या आसपास. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की भिंत आणि अंगण दिवसभर तापतं, मग संध्याकाळी निवताना कधीतरी अंगाइतकंच गरम होतं. फरकच उरला नाही तर सेन्सरला काय दिसणार? हिवाळ्यात अचूक चालणारा कॅमेरा उन्हाळ्यात आंधळा झाला, तर तो बिघडलेला असेलच असं नाही. शिवाय अनेक घरगुती कॅमेरे ५० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि टिनाच्या पत्र्याखाली किंवा थेट उन्हात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. उत्तरेकडची भिंत, कवेलूच्या वळचणीची सावली, ही जागा चांगली. पण वळचणीला फार चिकटवला तर रात्री त्याचाच इन्फ्रारेड उजेड लाकडावरून परत येतो आणि चित्र पांढरं होतं. कोळी जाळं विणतो ते वेगळंच. आठवड्याला फडकं मारावं.

घरात वायफाय नसेल तर सिमकार्डवाला ४जी कॅमेरा मिळतो. इथे हिशोब करून पाहा. साधारण १ एमबीपीएस वेगाने चित्र पाठवलं तर तासाला जवळपास ४५० एमबी जातात. रोजचे २ जीबी साडेचार तासांत संपतात. चित्रण मेमरी कार्डवर ठेवावं आणि फोनवर फक्त इशारा मागवावा. त्याच दराने ६४ जीबीच्या कार्डावर पाच-सहा दिवस मावतात. भामरागड-एटापल्लीकडच्या ज्या गावांत रेंजच ओट्यावर उभं राहून शोधावी लागते, तिथे कार्डावर भिस्त ठेवलेली बरी. राऊटर आणि कॅमेऱ्याच्या मध्ये मातीची जाड भिंत असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी भिंत ओलांडताना दमतो. आणि ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला केंद्राने ठरवलेली सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा त्याचा पुरावा नसलेला स्वस्त माल नाकारावा. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, हे वेगळं सांगायला नको.

सर्वांत जोखमीची समजूत ही की कॅमेरा वाघ-बिबटापासून वाचवतो. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठजवळ वनखात्याने २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे लावले. ते वाघ ओळखून सावध करतात, पण ती गावासाठी उभी केलेली यंत्रणा आहे, त्यामागे माणसं आहेत. आपल्या ओसरीवरचा कॅमेरा गाय आणि बिबट यांत नेहमीच फरक करेल असं नाही. जंगलातले ट्रॅप कॅमेरे तर वेगळ्याच कामाचे: वाटेच्या दोन्ही बाजूंनी जोडीने बसवतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात आणि ओळख पट्ट्यांवरूनच पटते. त्यांतल्या अनेकांची कार्डं नंतर काढून पाहिली जातात. इशारा देणं हे त्यांचं कामच नाही.

शहरात राहतो म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही. २०२२ मध्ये चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबटांच्या हल्ल्यांत माणसं गेली. अंगणात उजेड, कोंबड्यांचा बंद खुराडा, रात्री मुलांना एकटं बाहेर न सोडणं, ही खबरदारी कॅमेऱ्याच्या आधीची. आणि बिबट दिसलाच तर ते चित्र गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याआधी १९२६ वर वनखात्याला फोन करावा. गटावर पडताच बॅटऱ्या घेऊन गर्दी जमते, आणि घाबरलेलं जनावर गर्दीतूनच वाट काढतं.