रनफ्लॅट टायर आणि नसलेली स्टेपनी

वैद्यकीय व्यावसायिकाच्या जीवनात मोटारगाडीचे स्थान स्टेथोस्कोपच्या खालोखाल आहे, असे म्हणावयास हरकत नाही. रात्री-अपरात्री येणारे बोलावणे, उधना-पांडेसरा ते अठवा-अडाजण अशी दिवसभराची धावपळ, आणि सणासुदीला खानदेशाकडे किंवा नाशिककडे होणारे प्रयाण, या साऱ्यांचा भार अखेर चार टायरांवर असतो. तरीही इंजिन, एसी आणि गाडीचा रंग यांवर आपण जेवढी चर्चा करतो, तिचा दशांशही टायरांच्या वाट्यास येत नाही. आपल्या मंडळातील अनेक सभासदांकडे आता जर्मन बनावटीच्या गाड्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या डिकीत स्टेपनी नसते, कारण त्यांना कारखान्यातूनच रनफ्लॅट टायर बसविलेले असतात. हे टायर झिजले की प्रश्न उभा राहतो : पुन्हा तेच महागडे टायर घ्यावेत, की साधे ट्यूबलेस? या प्रश्नाचा येथे थोडा सविस्तर विचार करू.

हवा भरलेल्या टायरचा इतिहास आपल्या व्यवसायाशी काहीसा निगडित आहे. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन याने त्याचे पेटंट घेतले खरे, पण ती कल्पना विस्मृतीत गेली. १८८८ मध्ये ती पुन्हा पुढे आणली ती बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप याने, आणि हा गृहस्थ पेशाने पशुवैद्य होता. मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू. ‘स्टेपनी’ हा आपल्याकडे अस्सल देशी वाटणारा शब्ददेखील परदेशीच आहे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकावयास आरंभ केला. त्या काळी गाडीसोबत जादा चाक देण्याची पद्धतच नव्हती. इंग्लंडमध्ये हा शब्द केव्हाच मागे पडला, पण आपल्या पंक्चरवाल्यांनी तो जिवंत ठेवला आहे.

साध्या टायरमधील हवा गेली की त्याची बाजूची भिंत दुमडते, रिम तिच्यावर बसते आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात. रनफ्लॅट टायरच्या भिंतीत उष्णता सहन करणाऱ्या रबराचा जाड थर असतो. हवा पूर्णपणे गेली तरी ही भिंत काही काळ गाडीचे वजन पेलून धरते. सर्वसाधारण मर्यादा अशी, की ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून सुमारे ८० किलोमीटर जाता येते. गाडी पूर्ण भरलेली असेल तर हे अंतर घटते. येथे एक धोका संभवतो. हवा गेल्याचे चालकास जाणवतच नाही! मधुमेही रुग्णाच्या पायास जखम व्हावी आणि संवेदना नसल्याने ती कळू नये, तसाच हा प्रकार होय. म्हणूनच टायरमधील दाबावर नजर ठेवणारी टीपीएमएस यंत्रणा रनफ्लॅटसोबत अनिवार्य मानली जाते. डॅशबोर्डवरील तो पिवळा दिवा ‘सेन्सर बिघडला असेल’ म्हणून दिवसेंदिवस दुर्लक्षिणारे काही कमी नाहीत.

आता हे ८० किलोमीटर आपल्या रस्त्यांवर मोजून पाहावेत. सुरतेहून धुळ्यास जाणारा महामार्ग बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी असा जातो आणि कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल, साक्रीकडे उतरतो. कोंडाईबारीस टायर बसला तर सुरत ८० किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे राहते आणि धुळे त्या मर्यादेच्या सीमारेषेवर येते. तेथे पोहोचलात, तरी नेमक्या मापाचा रनफ्लॅट दुकानात तयार असेलच याची शाश्वती नाही. शिवाय ही सोय केवळ पंक्चरसाठी आहे. खड्ड्यात आदळून भिंतच फाटली, तर रनफ्लॅटही निरुपयोगी ठरतो. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर हा दुसरा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. किंबहुना भिंत कडक असल्यामुळे खड्ड्याचा आघात थेट टायरला आणि रिमला बसतो.

याखेरीज या टायरांचे वजन अधिक, किंमत अधिक आणि बसणारे हादरेही अधिक. कंबरदुखीच्या रुग्णांनी तर दोन्ही प्रकारच्या टायरांवर गाडी चालवून पाहावी. टायर रिमवरून काढण्या-चढविण्यासाठी जादा आधार-हात असलेले यंत्र लागते. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने पहार लावून तो उतरविण्याचा प्रयत्न केला, तर रिमही खराब होण्याचा संभव असतो. दुरुस्तीबाबत कंपन्यांची मते भिन्न आहेत. हवेशिवाय चाललेल्या टायरच्या भिंतीतील आतली इजा बाहेरून दिसत नाही, म्हणून असा टायर बदलणेच श्रेयस्कर.

मग साधे ट्यूबलेस टायर बसवावेत काय? बहुतेकांच्या बाबतीत माझे उत्तर ‘होय’ असे आहे, मात्र काही पथ्ये पाळून. एकाच आसावर एक रनफ्लॅट आणि एक साधा, असे मिश्रण कदापि करू नये. चारही टायर एकदम बदलणे उत्तम. माप, भारांक आणि वेगदर्शक अक्षर मूळ टायरहून कमी नसावे. ९१ भारांकाचा टायर ६१५ किलो पेलतो, ‘व्ही’ अक्षराचा ताशी २४० किलोमीटरपर्यंत चालतो. हॉर्नही न वाजविणाऱ्या संथ चालकानेसुद्धा या आकड्यांत काटकसर करू नये. विकत घेताना भिंतीवरील चार आकडे वाचावेत : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टीपीएमएस काढू नये, उलट नव्या टायरांनंतर ती पुन्हा जुळवून घ्यावी. गाडी वॉरंटीत असेल तर बदलापूर्वी अधिकृत सेवा केंद्रास विचारावे.

उलटपक्षी, ज्या भगिनींना प्रसूतीसाठी रात्री दोन वाजता एकटीने निघावे लागते, त्यांनी रनफ्लॅटच ठेवावेत असे मी म्हणेन. निर्जन स्थळी थांबावे न लागणे, हा या टायरांचा खरा गुण आहे आणि त्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

साधे टायर बसविणारे अनेकजण एक गोष्ट विसरतात : गाडीत स्टेपनी अजूनही नाही, जॅक नाही आणि व्हीलपानाही नाही. म्हणजे रनफ्लॅटचे संरक्षण गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. केंद्र शासनाच्या जुलै २०२० च्या अधिसूचनेनुसार ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच आणि टीपीएमएस असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींस स्टेपनीची सक्ती नाही. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून खिळा सूट देत नाही. संचातील सीलंट लहान छिद्रच बुजविते, भिंतीवरील चीर नव्हे. आणि औषधाप्रमाणे त्याच्या बाटलीवरही मुदत छापलेली असते, ती पाहावी. लांबच्या प्रवासास अरुंद स्टेपनी घ्यावी. ती ब्रेकच्या भागांस घासत नाही ना, हे आधीच एकदा चढवून पाहावे, आणि ती डिकीत पट्ट्याने घट्ट बांधावी, कारण अपघातात सुटे चाक तोफगोळ्यासारखे पुढे येते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. सोबत जॅक, पाना, कुलूपबंद बोल्ट असल्यास त्याची किल्ली, १२ व्होल्टचा हवेचा पंप, टॉर्च आणि परावर्तक त्रिकोण ठेवावा. आपल्या कंपाउंडमध्ये, दिवसाउजेडी, एकवार चाक बदलून पाहिल्यास कोणत्याही पुस्तिकेहून अधिक ज्ञान मिळते.

महामार्गावर टायर बसल्यास जोराचा ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप कमी होऊ द्यावा आणि धिम्या गतीने पेट्रोल पंप किंवा धाब्यापर्यंत जावे. टायर वाया गेला तरी चालेल. थांबावेच लागले तर धोक्याचे दिवे लावावेत, मंडळींना वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे आणि त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवावा. बोल्ट चाक उचलण्यापूर्वी सैल करावेत, घट्ट करताना समोरासमोरचे घ्यावेत, आणि सुमारे ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. चालत्या रहदारीच्या बाजूचे चाक असेल, तर ते स्वतः बदलण्याचा हट्ट धरू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. दूरध्वनी करण्यापूर्वी जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा आणि आपली दिशा पाहून ठेवावी, कारण समोरून पहिला प्रश्न तोच येतो.