भेंडवळचा एक दिवस, वेबसाइटचे तीनशे चौसष्ट

भेंडवळच्या यंदाच्या घटमांडणीत पावसाचं काय निघालं, पानसुपारी हलली की जागेवर राहिली, हे एव्हाना चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून तुमच्यापर्यंत पोहोचलं असेल. अठरा धान्यं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, पृथ्वी म्हणून ठेवलेली पुरी, हेही वऱ्हाडात कुणाला नव्यानं सांगायला नको. मला कुतूहल आहे ते त्या सकाळच्या इंटरनेटचं. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत जाहीर होतं आणि जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव राज्यभर मोबाइलवर शोधलं जातं. बुलढाणा जिल्ह्यात नवं न्यूज पोर्टल काढलेली मंडळी या सकाळसाठी दबा धरून बसलेली असतात. बातमी टाकली, लिंक फिरवली, आकडा चढला. संध्याकाळी आकडा पुन्हा जमिनीवर.

असे दिवस या जिल्ह्याच्या वाट्याला बरेच येतात. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नासानंसुद्धा उपग्रहाची छायाचित्रं प्रसिद्ध केली. कारण शोधलं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि दिल्लीपासूनची पथकं दाखल झाली. दोन्ही वेळी ‘बुलढाणा’ देशभर शोधलं गेलं. स्थानिक वेबसाइटना त्यातून कायमचे वाचक किती मिळाले? मला तरी फारसे दिसत नाहीत. मुंबईच्या मोठ्या पोर्टलवर होतं तेच इथं होतं, बहुतेक वेळा तिथूनच उचललेलं.

मग सुरू होतात उपाय. ‘पंधरा दिवसांत गुगलवर पहिला नंबर’ अशी हमी देणारे भेटतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगल आपल्या मार्गदर्शिकेत सांगतं. ती फुकट वाचायला मिळते, म्हणून बहुधा कुणी वाचत नाही. काही जण ‘ट्रॅफिक’ विकत घेतात. ते वाचक नसतात, पानं उघडणारी यंत्रं असतात, आणि अशा क्लिकांपायी गुगलच्या जाहिरातींचं खातं बंद पडू शकतं. लग्नात भाड्यानं वऱ्हाडी आणावेत तसला हा प्रकार: मांडव भरतो, आहेर कुणीच करत नाही.

फुकटच्या साधनांत खरं कामाचं एकच, गुगलचं सर्च कन्सोल. नव्या वेबसाइटचा नकाशा, म्हणजे साइटमॅप, तिथं द्यायचा आणि लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात ते दर आठवड्याला वाचायचं. कुणी भेंडवळ रोमन लिपीत डब्ल्यू घालून लिहितो, कुणी व्ही. कुणी बुलढाणा म्हणतो, कुणी बुलडाणा. संपादकाला हे अशुद्ध वाटतं; वाचक मात्र त्याच वाटेनं येतो.

दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. बहुतेक पोर्टलं दर अक्षय्य तृतीयेला नव्या पत्त्यावर नवी बातमी टाकतात. गेल्या वर्षीच्या बातमीला कुणी दुवा दिला असेल तर ती पत जुन्या पानावरच पडून राहते. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेलं गुगलचं मूळ गणितच मुळी, कोण कुणाकडे बोट दाखवतो, यावर उभं होतं. आज त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या असल्या तरी दुव्याची किंमत गेलेली नाही. म्हणून घटमांडणीचं पान एकच ठेवावं, पत्त्यात साल घालू नये आणि दर वर्षी तेच पान वाढवत न्यावं.

आता त्या पानावर काय असावं, हा माझा लाडका हट्ट. एक तक्ता. डावीकडे त्या पहाटे सांगितलेलं भाकीत, महिनावार, जसंच्या तसं. उजवीकडे प्रत्यक्ष पडलेला पाऊस. तो शोधायला कुठं जायला नको. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजच्या नोंदी असतात. जिल्ह्याचे तेरा तालुके, चार महिने, बस्स. अट एकच: ‘साधारण पाऊस’ म्हणजे किती मिलिमीटर, हे जूनच्या आधी ठरवून पानावर लिहायचं. पावसाळा संपल्यावर ठरवलं तर प्रत्येक भाकीत खरंच ठरतं, आणि माझा संशय असा की ही परंपरा एवढी वर्षं अचूक वाटत आली त्यामागे हीच सोय आहे. श्रद्धाळूंना हे झोंबेल. झोंबू दे. आपलं भाकीत तपासलं जावं, यात घट मांडणाऱ्यांचाही अपमान नाही.

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते दुसरा कुणी करणार नाही. खामगावचा कापसाचा किंवा सोयाबीनचा भाव उचलून टाकणं सोपं आहे. पण तो पणन मंडळाच्या संकेतस्थळावर असतोच, आणि आता गुगल असली उत्तरं वरच्या वरच देऊन टाकतं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२५ मध्ये ९०० जणांच्या ब्राउझिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. एआयचा सारांश नसताना शोधांपैकी १५ टक्के वेळा लोक खालच्या लिंकवर गेले; सारांश दिसला तेव्हा ८ टक्के. उसन्या माहितीवर चालणाऱ्या नव्या वेबसाइटला हा हिशेब परवडणारा नाही.

पहिल्या वर्षी हा तक्ता फार कुणी उघडणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र पुण्याच्या वार्ताहराला ‘गेल्या खेपेला काय सांगितलं होतं नि झालं काय’ एवढं एक वाक्य हवं असेल, तेव्हा तो इथं येईल आणि दुवाही देईल. अंनिसचे कार्यकर्ते आणि भाकितावर विश्वास ठेवणारे, दोघं हेच पान पुढं करून भांडतील. तोवर पोर्टलवाल्यानं डोमेनचं नूतनीकरण तेवढं विसरू नये. मुदत संपलेली नावं उचलून त्यांच्या पुण्याईवर भलताच मजकूर खपवणाऱ्यांची एक जमातच आहे. गुगलला मार्च २०२४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा नियम करावा लागला.