उंचीची पुडी

पोर वर्गात ठेंगणे दिसू लागले की आईबापांचा जीव खालीवर होतो. मुलीच्या लग्नाची काळजी, मुलाच्या पोलीसभरतीची काळजी. मग कोणी सांगते, अमक्याकडे झाडपाल्याची पुडी मिळते, तीन महिने दुधातून द्या, पोरगं ताडासारखं वाढतं. महाड-पोलादपूरकडची आपली मंडळी पोटाला चिमटा काढून पुडी आणतात.

आधी उंची वाढते कशी ते पाहू. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. तेथे नवे हाड तयार होते. वयात आल्यावर हा थर मिटतो. मुलींचा बहुधा १४ ते १६ व्या वर्षी, मुलांचा १६ ते १८ व्या. मिटलेला थर कोणतीही मुळी उघडू शकत नाही.

पुडीत पुष्कळदा अश्वगंधा, शतावरी असते. ह्या वनस्पती वाईट नव्हेत. वैद्य त्या शक्तीसाठी देतात. पण त्यांनी हाड लांब होते असे सिद्ध झालेले नाही. भीती आहे ती नावगाव नसलेल्या पुडीची. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने भूक लागते, गाल वर येतात. आई म्हणते, बाळसं धरलं! आणि उंची मात्र उलट खुंटते. औषधाने उंची वाढते अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हे किती जणांना ठाऊक आहे?

खरी वाढ होते ती लहानपणी. जन्मतः मूल सुमारे ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात ते आणखी २५ वाढते, दुसऱ्यात १२. आईबापांची उंची मुलात उतरते, हे खरेच. पण २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली, ती काही सगळी आईबापांवर गेलेली नाहीत. गरोदरपणी आईची उपासमार, वरच्या खाण्याला उशीर, घाण पाणी, जुलाब, ही त्याची कारणे.

आपल्या वरकस जमिनीतली नाचणीच पाहा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ तिच्या जवळपासही येत नाही. पूर्वी बाळाला नाचणीचे सत्त्व देत. आता बिस्किटाचा पुडा देतात. मात्र नुसती नाचणी पुरत नाही. जोडीला कुळथाची पिठी, अंडे, जवळा-सुकट हवी. आणि झाडपालाच हवा ना? मग परसातला शेवगा आहे की! फुकट मिळतो म्हणून त्याला किंमत नाही. शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, तीही चुकवू नका.

पोराला भिंतीशी उभे करून दर वाढदिवसाला खूण करा. चौथ्या वर्षानंतर सालाला पाच सेंटिमीटरही वाढ दिसत नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे रक्त तपासतात. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी पडत असेल तर रोजच्या गोळीने पोर पुन्हा वाढीला लागते. मात्र हाडांची टोके मिटायच्या आत गेले पाहिजे.