मायटर सॉ घ्यायचाय? पैसे मोजण्याआधी एवढं तपासा

मोबाईलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघितले की वाटतं, आपणही घरच्या घरी खिडकीची चौकट, देवघर, शेळ्यांची गव्हाण करू. व्हिडिओत हँडल खाली दाबलं की लाकूड कापलं जातं आणि कोपऱ्याला कोपरा बसतो. ते मशीन म्हणजे मायटर सॉ. काही दुकानांत त्याला ॲल्युमिनियम कटर म्हणतात, कारण खिडक्यांची सेक्शन कापणारे कारागीर हेच मशीन वापरतात. साधं 10 इंची मशीन साधारण दहा हजारांच्या आसपास सुरू होतं, नावाजलेल्या कंपनीचं पंधरा हजारांच्या पुढे जातं. एवढी रक्कम घालून भलतंच मशीन घरी येऊ नये, म्हणून ही माहिती.

आधी हे मशीन काय करत नाही ते बघू, कारण फसगत तिथेच होते. मायटर सॉ लाकूड आडवं कापतो, उभं चिरत नाही. 8 बाय 4 फुटांच्या प्लायवूडमधून कपाटाचे पल्ले काढायचे असतील तर याचा काही उपयोग नाही. तसंच फळी लांबीत चिरायची असेल तरीही नाही. त्यासाठी गोल करवतीचं हातातलं मशीन लागतं. याचं खरं काम एकाच मापाचे भरपूर तुकडे पाडणं आणि 45 अंशाचे कोपरे अचूक कापणं. फोटोच्या फ्रेमा, दाराभोवतीची पट्टी, पीव्हीसीची बॉर्डर, टेबल-स्टुलाचे पाय, कुंपणाच्या पट्ट्या ही कामं वरचेवर असतील तरच ते घ्यावं. वर्षातून एक-दोन फ्रेमा करायच्या तर हातकरवत आणि मायटर बॉक्स काही शे रुपयांत येतो आणि काप तितकाच नीट देतो, फक्त दंड दुखतात.

अचूकपणाला एवढं महत्त्व का? चार इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कोपऱ्यात जोडायच्या आहेत आणि दोन्ही 45 ऐवजी 44 अंशावर कापल्या गेल्या, तर जोडात दीड सुताच्या आसपास फट पडते. ती लांबी-पुट्टीने झाकत बसावं लागतं. म्हणून दुकानात मशीन बघताना रंगापेक्षा खालचं फिरतं टेबल बघा. ते 45 वर नेऊन घट्ट करा आणि हाताने हलवून बघा. मग शून्यावर आणून पातं आणि मागची पट्टी यांत गुण्या लावा. गुण्या सोबत न्या, लाजू नका. हँडल अर्ध्यावर धरून डावी-उजवीकडे ढकललं आणि डोकं लचकलं, तर ते मशीन पहिल्याच दिवशी तिरकं कापेल.

माप हा दुसरा मुद्दा. 10 इंची साधं मशीन सरळ कापात सुमारे पाच इंच रुंद आणि तीन इंच जाड लाकूड घेतं. म्हणजे 5 बाय 3 ची दाराची चौकट जेमतेम बसते. 45 वर नेलं की रुंदी साडेतीन इंचांवर येते. डोकं मागे-पुढे सरकणारं स्लायडिंग मशीन फूटभर रुंद फळी कापतं, पण किंमत जवळपास दुप्पट होते. घरच्या कामाला साधं पुरतं.

पात्यावर मात्र कंजुषी करू नका. मशीनसोबत आलेलं पातं बहुतेकदा कमी दात्यांचं असतं. 24 ते 40 दाती पातं जाड लाकडाला बरं. प्लाय आणि पट्टीला 60 ते 80 दाती लागतं, नाहीतर कडा उसवतात. ॲल्युमिनियमला 100 किंवा 120 दाती आणि त्यासाठीच बनवलेलं पातं घ्या. पात्याच्या मधल्या भोकाचं माप 25.4 मिमी की 30 मिमी, हे मशीनच्या कागदावर बघूनच घ्यायचं. जुन्या वाड्याची तुळई कापणार असाल तर आधी खिळे काढा. एका खिळ्याने पात्याचे चार दाते उडतात आणि उडालेला दाता कुठे जाईल याचा नेम नसतो.

लोखंडी पाईप आणि अँगल यावर कापायचे नाहीत. त्यासाठी 14 इंची दगडी चाकाचं चॉप सॉ वेगळं मिळतं. दिसायला दोन्ही भावंडं, पण मायटर सॉला दगडी चाक लावलं तर साचलेल्या भुशावर ठिणगी पडून पेट घेऊ शकतो.

विजेचं गणित

1500 वॅटचं मशीन चालताना साडेसहा अँपिअरच्या आसपास करंट घेतं, सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. मोबाईल चार्जरच्या बारक्या सॉकेटवर ते चालवू नका. 16 अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग हवं. वायर लांबवायची तर 2.5 स्क्वेअर मिमीची तांब्याची घ्या आणि भेंडोळं पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते. घरातल्या पंखा-दिव्याच्या इन्व्हर्टरवर हे मशीन ओढत नाही. मळ्यातल्या वस्तीवर व्होल्टेज पडलेलं असेल तेव्हा काम थांबवा. पात्याचा वेग कमी होतो, ते लाकडात अडकतं आणि मोटरही तापते.

बोटं आधी

गावात एक घातक सवय दिसते. लाकडाचं दातेरी पातं चार इंची ग्राइंडरला लावतात. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या पुढे फेरे घेतो. त्याचं कव्हर लाकडाच्या पात्यासाठी नसतं आणि बरेचजण तेही काढून टाकतात. पातं अडकलं की मशीन उसळून थेट हातावर किंवा मांडीवर येतं. पैसे वाचवायचेच असतील तर हातकरवत वापरा, हा जुगाड नको.

मायटर सॉ त्या मानाने सुरक्षित, कारण तो एका जागी बसवलेला असतो. तरीही हात पात्यापासून सहा इंच लांब हवा. तुकडा त्याहून छोटा असेल तर शिकंज्यात धरूनच कापा. हातमोजे, उपरणं, ओढणी, सैल बाही फिरत्या पात्याजवळ नको. चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. पात्यावरचं प्लास्टिक कव्हर आडवं येतं म्हणून तारेने वर बांधू नका. काप झाला की बटण सोडा, पातं पूर्ण थांबू द्या, मगच डोकं वर उचला.

दुर्दैवाने बोट तुटलंच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि 108 ला फोन लावा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट लावायचा नाही.

ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि जीएसटीचं बिल जपा. घेण्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे का, कार्बन ब्रश मिळतात का, ते फोन करून विचारा. कार्बन ब्रश झिजतातच आणि ते वॉरंटीत सहसा धरत नाहीत. वॉरंटी असूनही दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

जुनं मशीन घेणार असाल तर प्लग काढून पातं हाताने फिरवून बघा. ते डुगडुगलं किंवा बेअरिंगमधून खरखर आली, तर किंमत कितीही कमी सांगोत, परत या.