शिफ्ट सुटल्यावर शुक्रतारा

पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात १९६२ हे वर्ष एमआयडीसीचं. १ ऑगस्टला हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत पवनेकाठच्या ज्वारी-बाजरीच्या रानात प्लॉट पडू लागले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आधीच आली होती, टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, अजून यायची होती. त्याच १९६२ मध्ये मुंबई आकाशवाणीच्या स्टुडिओत ‘शुक्रतारा, मंद वारा’ हे युगुलगीत ध्वनिमुद्रित झालं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पुढची साठ वर्षं या कारखान्यांच्या पट्ट्यात जे मराठी प्रेमगीत हौशी गळ्यांनी सर्वात जास्त गायलं असेल, ते हेच, असं मी बेधडक म्हणेन. कंपनीचं गॅदरिंग, सोसायटीचा गणपती, कोजागिरी, निवृत्तीचा निरोप समारंभ: निमित्त कोणतंही असो, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला शुक्रतारा ठरलेला.

गाणं जमून आलं ते चार माणसांमुळे, आणि चौघेही मुंबईत बाहेरून आलेले. कवी मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्यात वाढलेले. अरुण दाते इंदूरचे. रसिकाग्रणी रामूभैया दाते यांचे चिरंजीव, कुमार गंधर्वांकडे शिकलेले. आणि सुधा मल्होत्रा तर जन्माने दिल्लीच्या, बालपण लाहोर-भोपाळ-फिरोजपूरकडचं. मराठी त्यांची मातृभाषाही नव्हती.

दाते तेव्हा रेडिओवर उर्दू गझला गात. तो आवाज खळे यांच्या कानावर पडला आणि त्यांनी व संगीतकार यशवंत देव यांनी या माणसाला मराठीत आणायचं मनावर घेतलं. दाते तयार होईनात. इंदुरी वळणाचे आपले मराठी उच्चार इथले लोक चालवून घेणार नाहीत, अशी त्यांना धास्ती होती. ही गोष्ट त्यांनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितली. खळे आणि पाडगावकर हटून बसले म्हणून ते गायला उभे राहिले. आज ऐकताना नेमके तेच उच्चार कानात राहतात. शब्दावर जोर नाही, अक्षर दाबून म्हणणं नाही. गझल गाणाऱ्याची शब्द अलगद ठेवायची सवय मराठीत आली आणि भावगीताचा पोतच थोडा बदलला.

लातूर, बुलढाणा, सातारा, जळगाव अशा ठिकाणांहून इथे आलेल्या माणसाला ही धास्ती सांगावी लागत नाही. डिप्लोमा करून टेल्कोत किंवा आकुर्डीत बजाजमध्ये लागलेला मुलगा पहिल्यांदा स्टेजवर माईक धरायचा, तेव्हा त्याला चिंता सुरांची नसायची. ‘न’ आणि ‘ण’ची असायची. समोर निगडी प्राधिकरणातली शुद्ध बोलणारी मंडळी बसलेली! मला वाटतं, शुक्रतारा इथे एवढा रुजला त्यामागे हेही आहे. परक्या मुलखातून आलेल्यांनी घडवलेलं गाणं परगावाहून आलेल्यांच्या शहराने आपलंसं केलं.

शिवाय दाते स्वतः इंजिनिअर. मुंबईत टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकले आणि कितीतरी वर्षं कापड गिरण्यांच्या धंद्यात नोकरी करून गात राहिले. दिवसा यंत्र, संध्याकाळी सूर, हे इथल्या कुठल्याही हौशी गायकाचं वेळापत्रक आहे.

गाणं कामगारांपर्यंत पोचवलं ते रेडिओने. मुंबई केंद्रावरची ‘कामगार सभा’ आणि यशवंत देवांच्या देखरेखीखालचा ‘भावसरगम’ हे कार्यक्रम नसते, तर ही गाणी शिवाजी पार्क आणि सदाशिव पेठेतच घुटमळली असती. मग तबकडी आली, ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. दाते यांचा ‘शुक्रतारा’ हा रंगमंचीय कार्यक्रम तर अडीच हजारांच्या वर प्रयोगांपर्यंत गेला. त्यांच्या शेजारच्या गायिका बदलत गेल्या, दाते तेच राहिले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: या गाण्याचा पहिला पुनर्गायक खुद्द मूळ गायकच.

इंग्रजी गाण्यांचं वेगळं असतं. ‘अनचेन्ड मेलडी’ हे गाणं १९५५ मध्ये एका तुरुंगपटासाठी लिहिलं गेलं, १९६५ मध्ये रायचस ब्रदर्सनी ते स्वतःचं करून टाकलं आणि १९९० च्या ‘घोस्ट’ चित्रपटाने त्याला तिसरा जन्म दिला. तिथे नवा गायक गाणं उचलतो, वाकवतो, आपला शिक्का मारतो. आपल्याकडे शुक्रताऱ्यावर शिक्का मारायची कुणाची छाती होत नाही. हजारोंनी गायलं, पण श्रोत्यांची मागणी एकच: अगदी मूळच्यासारखं हवं. अरुण दाते यांचे चिरंजीव अतुल दाते यांच्या ‘नवा शुक्रतारा’ कार्यक्रमात मंदार आपटे यांच्यासारखा तयारीचा गायक आला तरी पहिला टाळ्यांचा कडकडाट होतो तो अरुण दाते यांचा भास झाल्यावर. याला निष्ठा म्हणा. मला त्यात थोडी भीतीही दिसते.

आता कंपनीतलं चित्र. खंडेनवमीला शॉप धुऊन पुसून काढतात, मशीनला झेंडूची माळ, समोर नारळ, पानसुपारी. त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. ज्या मशीनविषयी वर्षभर जेवताना ऐकलं ते बायको-पोरं पहिल्यांदा पाहतात, पोरगं लाल बटणाकडे बोट नेतं आणि बाप ओरडतो. नंतर कँटीनच्या हॉलमध्ये कार्यक्रम. लाकडी पॅलेट मांडून वर सतरंजी टाकली की स्टेज झालं. पेंट शॉपमधला एखादा पेटी घेऊन बसायचा, स्टोअर्समधला तबल्यावर. शुक्रताऱ्याची अडचण इथे यायची. गाणं दोघांचं, आणि पहिला अंतरा तिच्या तोंडचा. सत्तर-ऐंशीच्या दशकात शॉप फ्लोअरवर बायका जवळपास नव्हत्याच. मग बाहेरून ऑर्केस्ट्राची गायिका आणायची, नाहीतर दोन्ही आवाज काढणारा कुणीतरी पुढे यायचा आणि हॉल हसून लोळायचा. कधी एखाद्याची बायकोच उठायची. लाजत, नवऱ्याकडे न बघता गायची, आणि नवऱ्यापेक्षा सुरात गायची. दुसऱ्या दिवशी लाइनवर नवऱ्याची यथेच्छ चेष्टा.

स्केलचं भांडण मात्र कायमचं. त्याची काळी एक, तिची काळी चार. युगुलगीतात दोघांना एकाच पट्टीत राहावं लागतं, म्हणजे कुणीतरी खर्जात घुटमळणार नाहीतर कुणीतरी वर ओढणार. खळे यांच्या चाली दिसायला सोप्या असतात. गुणगुणायला घ्या, लगेच जमल्यासारखं वाटतं. माईकसमोर उभं राहिल्यावर कळतं की श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पेटी-तबला गेले आणि कराओके आला. चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह असो, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर असो की पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर, कराओके ग्रुपचे कार्यक्रम आता सर्रास होतात. गाणारे बहुतेक निवृत्त किंवा व्हीआरएस घेतलेले. वर्गणी भरायची, दोन गाणी गायची. टॅबवर शब्द रंग बदलत पुढे सरकतात आणि गायक त्यांच्यामागे धावतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. दाते एखाद्या शब्दावर जे रेंगाळतात, ते रेंगाळणं इथे चूक ठरतं, ‘मीटर सुटला’ म्हणतात. त्यात साउंडवाला इको इतका वाढवतो की चांदण्या रात्री गाणं चाललंय की भोसरीच्या उड्डाणपुलाखाली, कळू नये. पण कराओकेने एक मोठं काम केलं, ते नाकारून चालणार नाही. वादक जमवायची कटकट गेली आणि बायका मोकळेपणाने स्टेजवर आल्या. आज अशा ग्रुपमध्ये शुक्रताऱ्याला स्त्री आवाज शोधावा लागत नाही. पुरुषांचीच टंचाई असते.

चाकणच्या नव्या कारखान्यांच्या पट्ट्यात मात्र शुक्रतारा फारसा ऐकू येत नाही. तिथली वस्ती तरुण, कॉट बेसिसवर राहणारी, बरीचशी कंत्राटी. कंपनीच्या बसमध्ये कानात इयरफोन, त्यात अजय-अतुल किंवा भोजपुरी. वर्षानुवर्षं एकाच कँटीनमध्ये जेवल्यावर जी गाण्याची टोळी जमते, ती सहा-सहा महिन्यांच्या करारावर जमायची कशी? आवड बदलली म्हणून तरुणांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गॅदरिंगला कायम कामगार लागतो.

गाणं घडवणारे एकेक करून गेले. खळे २ सप्टेंबर २०११ रोजी. पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ रोजी. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. दाते ६ मे २०१८ रोजी, चौऱ्याऐंशीवा वाढदिवस दोन दिवसांपूर्वीच झालेला.

चौथं नाव मात्र लोकांच्या तोंडी क्वचितच येतं. निवेदक ‘अरुण दाते यांचं अजरामर गीत’ म्हणून मोकळा होतो. सुधा मल्होत्रा यांनी लग्नानंतर १९६० च्या सुमारास हिंदी चित्रपटांत गाणं थांबवलं होतं. सासर ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिक्षेपकांच्या कंपनीवाल्या मोटवानींचं. ज्या भाषेत त्या बोलत नव्हत्या, त्या भाषेत त्यांनी पहिला अंतरा असा गायला की साठ वर्षं आपल्या बायका तो त्यांच्यासारखा गायची धडपड करताहेत. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा यंदाच्या कोजागिरीला किंवा खंडेनवमीला जे कुणी माईक हातात घेणार असतील त्यांना विनंती: नावं सांगाल तेव्हा चारही सांगा. आणि साउंडवाल्याला इको कमी करायला सांगा.